ट्रॉलीवरून यंत्र उतरवताना: उतरण, तरफ आणि मुलांची जागा



सहावीच्या सामान्य विज्ञानात ‘साधी यंत्रे’ हा पाठ आहे. उतरण शिकवताना आपण बहुतेक जण फळ्यावर एक ट्रक काढतो, त्याला तिरकी फळी लावतो आणि तिच्यावरून पिंप वर ढकलणारा माणूस काढतो. मुलं ते वहीत उतरवून घेतात आणि ‘उतरणीमुळे कमी बल लावावे लागते’ असं पाठ करतात. पण गावात राहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांसमोर वर्षातून तीन-चार वेळा याच्या नेमकं उलटं घडत असतं. दसऱ्याला, पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला कुणाच्या तरी दारात नवं यंत्र येतं. सोयाबीनच्या, गव्हाच्या हंगामात मळणी यंत्र येतं. भंडारा-गोंदियाकडे धान कापायला रबरी पट्ट्यांवर चालणारे हार्वेस्टर ट्रकवर बसून येतात. ही सगळी यंत्रं उतरणीवरून खाली येतात आणि ती बघायला आपली अख्खी शाळा तिथे उभी असते.

म्हणून आजचा लेख यंत्र उतरवण्यावर. ट्रॅक्टर चालवायला शिकवणं हे माझं काम नाही, ते जाणकारांनीच करावं. पण उतरवताना नेमकं काय चुकू शकतं हे शिक्षकाला आणि आई-वडिलांना माहीत असेल, तर मुलांना कुठे उभं करायचं हे कळतं. शिवाय वर्गात शिकवायला याच्याइतकं जिवंत उदाहरण दुसरं मिळणार नाही.

पहिली गोष्ट अशी की, चढवण्यापेक्षा उतरवणं जास्त धोक्याचं आहे. लोकांना ते उलटं वाटतं. चढवताना ताकद लागते, घाम येतो, इंजिन ओरडतं, म्हणून सगळे सावध असतात. उतरवताना ‘आता काय, आपोआप येईल खाली’ असं म्हणतात. तो ‘आपोआप’ म्हणजेच गुरुत्वाकर्षण, आणि त्याला थांबवायचं बटण नसतं.

थोडं गणित करू. चाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो, म्हणजे २००० किलो. ट्रॉलीची किंवा ट्रकची पाटी जमिनीपासून एक मीटर उंच आहे असं धरा. तीन मीटर लांबीची फळी लावली, तर उताराच्या दिशेने यंत्राला खाली ओढणारा जोर वजनाच्या एक तृतीयांश असतो. म्हणजे जवळपास ६७० किलो वजनाइतका. फळी दोनच मीटरची असेल तर तो निम्मा होतो, १००० किलोइतका. चार मीटरची घेतली तर पाव, ५०० किलोइतका. उंची भागिले फळीची लांबी, इतकंच सूत्र. सातवीतली मुलं हे तोंडी करतात.

आता दुसरा प्रश्न विचारा. ब्रेक लागलाच नाही, गिअरही नाही आणि घर्षण अगदी नगण्य आहे, तर एक मीटर उंचीवरून तीन मीटरच्या फळीवरून यंत्र खाली यायला किती वेळ लागेल? उत्तर दीड सेकंदापेक्षाही कमी येतं. आणि खाली पोचताना वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर होतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो थोडा कमी भरेल, पण तेवढ्या वेळात माणूस फार तर ‘अरे!’ म्हणतो. चार जणांनी मिळून ‘धरून ठेवू’ असं म्हणण्यात किती अर्थ आहे, हे मुलांना या एका आकड्यावरून कळतं. मोठ्यांनाही कळावं.

हा प्रयोग वर्गात सहज होतो. एक मीटरची फळी घ्या, एका टोकाखाली पुस्तकं रचून २५ सेंटिमीटर उंची करा. खेळण्यातल्या गाडीत वाळू भरा, मागे तानकाटा अडकवून गाडी उतारावर धरून ठेवा आणि काट्यावरचा आकडा वाचा. मग उंची ५० सेंटिमीटर करा. आकडा जवळजवळ दुप्पट होतो. फळी तीच, गाडी तीच, वाळूही तीच. मुलांनी स्वतः तानकाटा धरला की हाताला ते जाणवतं, सांगावं लागत नाही.

ट्रॉली म्हणजे सी-सॉ

उताराचा धोका निदान दिसतो तरी. दुसरा धोका दिसत नाही, म्हणून त्यावर जरा थांबूया.

आपल्याकडच्या अनेक ट्रॉल्या दोनचाकी असतात. मध्ये एकच आस, पुढे ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या हुकात पिनेने अडकवलेला दांडा. यंत्र ट्रॉलीत पुढच्या बाजूला असतं तोवर सगळं स्थिर असतं. पण उतरवायला सुरुवात केली की ते मागे मागे सरकतं. आसाच्या मागे गेलं की काय होईल? ट्रॉली तरफ बनते. आस हा टेकू, मागचं यंत्र हा भार. मागची बाजू खाली बसते आणि पुढचा दांडा वर उचलला जातो. ट्रॉली हुकातून सोडलेली असेल तर दांडा थेट हवेत जातो. एका क्षणात फळीचा कोन बदलतो आणि यंत्र तिथूनच घसरतं. म्हणून ‘ट्रॉली सोडून ठेवा, ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला न्या, यंत्र नंतर उतरवू’ हे कधीच करायचं नाही.

बरं, ट्रॉली जोडलेली असली म्हणजे झालं का? नाही. दांडा वर उचलला जायला लागला की तो ओढणाऱ्या ट्रॅक्टरची मागची बाजूही वर खेचतो. साध्या दोन चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचे ब्रेक, हँडब्रेकसुद्धा, मागच्याच चाकांवर काम करतात. त्या चाकांवरचं वजन कमी झालं की त्यांची जमिनीवरची पकड कमी होते. हँडब्रेक ओढलेला असतो, तरीही सगळी जोडी पुढे सरकू शकते. आणि ट्रॉली पुढे सरकली की फळी पाटीवरून निसटते. हे मी पालकांना सांगते तेव्हा ते आधी हसतात, मग गप्प होतात. कारण ‘हँडब्रेक लावलाय ना’ हेच तर प्रत्येक जण म्हणत असतो.

यावरचा उपाय स्वस्त आहे. ट्रॉलीच्या मागच्या टोकाखाली दोन्ही बाजूंना जाड लाकडी ओंडके असे लावायचे, की पाटी आणि ओंडका यांत फट राहणार नाही. मग मागे भार आला तरी ट्रॉली बसायला जागाच नाही. विटांचा थर नको, विटा फुटतात. जॅक एकटा नको, तो मऊ मातीत शिरतो. ट्रॉलीच्या आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. गोल दगड ही आपली जुनी सवय, पण गोल दगडावरून चाक चढतं किंवा दगडच सरकतो. पाचरीच्या आकाराचा लाकडी ठोकळा चाक जितकं रेटेल तितका घट्ट बसतो. म्हणजे पाठातलं तिसरं साधं यंत्रही इथेच सापडलं.

वर्गासाठी: फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवा, एका टोकाला पुढे खोडरबर आणि मध्ये डस्टर ठेवा. डस्टर हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकवा. कोणत्या जागी पट्टी उलटते ते मुलांना आधी ओळखू द्या. मग त्या टोकाखाली काडेपेटी उभी करून पुन्हा सरकवा. माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे तर बैलगाडीचं उलाळ आहे.” त्याच्या आजोबांनी त्याला गाडी भरताना धुरेचं वजन कसं राखायचं ते सांगितलं होतं. पाठ तिथेच संपला, मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

जागा, फळी आणि साखळी

जागा निवडण्याबद्दल थोडक्यात. जमीन सपाट आणि टणक हवी. काळ्या रानात पाऊस पडून गेल्यावर ट्रॉलीचं एक चाक रुततं आणि पाटी एका अंगाला कलते. मग उतारावरचं यंत्र पुढे न येता बाजूला घसरतं, आणि बाजूलाच तर लोक उभे असतात. वर पाहायलाही विसरू नका. मळणी यंत्र ट्रॉलीवर असताना त्याची उंची बरीच वाढलेली असते आणि शेतातल्या विजेच्या तारा कुठे कुठे लोंबलेल्या असतात. तारांखाली उतरवायचंच नाही, मग तिथे सावली कितीही चांगली असो.

सगळ्यात उत्तम उपाय जुनाच आहे. मातीचा पक्का बांध किंवा चढ शोधायचा, ट्रॉली मागे घेत त्याला भिडवायची, म्हणजे पाटी आणि बांध एका पातळीवर येतात. यंत्र जवळजवळ सपाट चालत बाहेर येतं आणि बांधाच्या लांब उताराने खाली जातं. काही गावांत यासाठी कायमचा मातीचा धक्का केलेला असतो. ग्रामपंचायतीने एक दिवस जेसीबी लावला तर होणारं काम आहे.

फळ्या वापरायच्या असतील तर त्या लोखंडी, खाचा असलेल्या आणि पाटीला हुकाने किंवा साखळीने बांधलेल्या हव्यात. बांधायच्या का? उतरताना चालक ब्रेक धरतो किंवा इंजिन चाकांना रोखतं, तेव्हा फळी चाकाला मागे धरते. मग चाकही फळीला तितक्याच जोराने उलट्या बाजूला, म्हणजे ट्रॉलीपासून दूर ढकलतं. क्रिया आणि प्रतिक्रिया. न बांधलेल्या फळीचं वरचं टोक याच जोराने पाटीवरून सुटतं. लाकडी फळ्या, तुळ्या, जुनं दार असली जुगाडं दोन टनांच्या यंत्राला नकोत. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं असेलच असं नाही. पुढची चाकं फळीच्या मधोमध दिसतात, आणि मागचं चाक येतं तेव्हा अर्धं बाहेर असतं. आधी टेपने मोजलेलं बरं. चिखल, सांडलेलं डिझेल, ओलं गवत पुसून काढायचं.

बांधलेल्या साखळ्या सगळ्यात शेवटी सोडायच्या. प्रवासात यंत्र थोडं सरकलेलं असतं आणि एखादी साखळी त्याला एकटीच धरून असते. म्हणून आधी ओंडके, ठोकळे, फळ्या, यंत्राचा हँडब्रेक, आणि मग साखळी. तीसुद्धा समोर उभं राहून नाही, बाजूने. ताणलेली साखळी किंवा पट्टा सुटताना चाबकासारखा फिरतो.

चालकाने काय करावं

हे चालकाला माहीत असतं. तरी पालक म्हणून तुम्ही मालक असाल, तर तुम्हीही विचारू शकता.

ट्रॅक्टरच्या ब्रेकचे दोन पाय असतात, डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. शेतात वळण घेताना ते सुटे वापरतात. उतारावर येण्यापूर्वी दोन्ही पाय जोडणारी कडी लावलेली असलीच पाहिजे. नाही तर घाईत एकाच पायावर दाब पडतो, एक चाक अडतं आणि ट्रॅक्टर फळीवरच वळतो. गिअर सगळ्यात खालचा, तोही फळीवर येण्याआधी टाकलेला. एकदा उतार सुरू झाला की गिअर बदलायचा नाही आणि क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव जातो आणि मघाचं दीड सेकंदाचं गणित सुरू होतं. ‘न्यूट्रलवर सोड, डिझेल वाचेल’ म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांना चहा द्यावा आणि लांब बसवावं.

तोंड कुठे असावं? नुसत्या ट्रॅक्टरचं मागचं अंग जड असतं. जड बाजू चढाकडे ठेवली तर तो पुढून उचलला जाण्याची भीती कमी होते. म्हणजे चढवताना मागे घेत चढवायचा आणि उतरवताना पुढे तोंड करून उतरवायचा. पण हार्वेस्टरसारख्या यंत्राचं वजन वेगळ्या ठिकाणी असतं, तिथे त्याच्या पुस्तिकेत दिलेली दिशाच पाळायची. मागे रोटाव्हेटर जोडलेला असेल तर तो हवेत उंच न धरता, फळीला लागणार नाही इतकाच वर ठेवायचा. चालकाशिवाय यंत्रावर कुणीही नको. मडगार्डवर लेकरू तर नाहीच नाही. आणि बहुतेक ट्रॅक्टरवरचं पत्र्याचं किंवा कापडी छत उन्हासाठी असतं, ट्रॅक्टर उलटला तर ते तारेल असं समजू नये.

इशारा करणारा एकच माणूस असावा, तो चालकाला दिसेल अशा जागी, पण उताराच्या रेषेत नाही. दहा जण ‘डावीकडे, डावीकडे’ ओरडले की चालक कुणाचंच ऐकत नाही, आणि इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकूही येत नाही. हात वर म्हणजे थांब, हे आधी ठरवून घ्यायचं.

इंजिन नसलेली यंत्रं, उदाहरणार्थ नवा हडंबा, लोक हाताने धरून उतरवतात. ते टाळावं. मजबूत दोरखंड यंत्राला बांधून झाडाच्या बुंध्याभोवती दोन-तीन वेढे द्यायचे आणि मोकळं टोक एकाने दुरून हळूहळू सोडायचं. प्रत्येक वेढ्यागणिक घर्षण वाढतं, म्हणून एक माणूसही मोठा भार रोखू शकतो. विहिरीवरच्या जुन्या माणसांना हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. मात्र झाड ट्रॉलीच्या वरच्या अंगाला हवं, आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही.

क्रेनने उचलणार असाल तर पट्ट्यांचा कोन बघा. ५०० किलोचा रोटाव्हेटर दोन पट्ट्यांवर उचलला आणि पट्ट्यांमधला कोन ६० अंश असेल, तर प्रत्येक पट्ट्यावर सुमारे २९० किलोचा ताण येतो. कोन १२० अंश झाला तर प्रत्येकावर पूर्ण ५०० किलोचा. लांब पट्टे घेतले की कोन आपोआप लहान होतो. उचललेल्या यंत्राखाली क्षणभरही जायचं नाही.

मुलं कुठे उभी करायची

‘लांब उभे राहा रे’ असं ओरडून उपयोग नाही. लांब म्हणजे किती, हे मुलाला कळत नाही. आपल्याला बघता येतंय ती जागा म्हणजे लांब, असा त्याचा हिशोब असतो. म्हणून जागा दाखवायची. उताराच्या समोरची सरळ रेष पूर्ण मोकळी, थेट भिंत किंवा बांध येईपर्यंत. फळीच्या दोन्ही बाजू मोकळ्या, निदान यंत्राच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत. मुलांची जागा ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढे बऱ्याच अंतरावर एका कडेला, शक्यतो ओट्यावर किंवा गच्चीवर. तिथून दिसतंही छान. जमिनीवर चुन्याची रेघ मारली तर मुलं ती मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात, कारण रेघ म्हणजे खेळ. आणि एक मोठं माणूस फक्त मुलांकडे बघायला ठेवायचं, ज्याचं यंत्राकडे लक्षच नसेल. हे काम आजीला द्यावं, तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

नव्या यंत्राची पूजा हा वेगळाच विषय. हळदीकुंकू, नारळ, हार, पेढे सगळं व्हायला हवं, घरात लक्ष्मी आलीय. पण यंत्र अजून फळीवर असतानाच आरतीचं ताट घेऊन बायका पुढे येतात, मुलं पेढ्यासाठी धावतात आणि मोबाईलवाले फोटोला उताराच्या अगदी समोर बसतात. पूजा चारही चाकं जमिनीवर आल्यावर, इंजिन बंद झाल्यावर. हे त्या दिवशी सांगून कुणी ऐकत नाही, वाईटही दिसतं. हंगामाआधीच्या पालकसभेत पाच मिनिटं काढली तर ऐकतात. मी सभेत फूटपट्टी आणि डस्टर घेऊन जाते, भाषण करत नाही.

पॉवर थ्रेशरसाठी आपल्याकडे १९८३ पासून धोकादायक यंत्रांचा कायदा आहे, पण त्याचा रोख मळणी चालू असताना हात अडकू नये यावर आहे. यंत्र दारात उतरतं त्या दहा मिनिटांची काळजी तिथे उभ्या असलेल्यांनीच घ्यायची असते.

यंत्र खाली आलं की रोटाव्हेटर जमिनीला टेकवायचा, हँडब्रेक लावायचा, किल्ली काढून खिशात ठेवायची. किल्ली तशीच राहिली तर पुढच्या पाच मिनिटांत सीटवर कोण चढलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे. मग फळ्या काढायच्या. त्याही जड असतात आणि बोटं चेमटतात, म्हणून दोन मोठ्या माणसांनी उचलायच्या. मुलांना ठोकळे गोळा करू द्या. प्रत्येकाला एक ठोकळा मिळाला तर कामात हातभार लावल्याचा आनंदही होतो, आणि पुढच्या वेळी ‘ठोकळा कुठे लावलाय?’ असं विचारणारं कुणीतरी घरात तयार होतं.